आधी आजींना विचारा

बडोद्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात सकाळी तासभर बसून राहिलं, तर एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. ऐंशीच्या घरातल्या आजी खुर्चीवर बसलेल्या, मागे मुलगा किंवा सून उभी, आणि डॉक्टर मान वर करून त्या उभ्या माणसाला विचारतात, ‘बाने शुं थाय छे?’ म्हणजे आईला काय होतंय? मुलगा सांगतो, डॉक्टर लिहून घेतात. आजींचं बीपी मोजलं जातं, छातीला नळी लागते, चिठ्ठी मुलाच्या हातात पडते. खोलीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आजींना एक वाक्य पुरतं बोलायला मिळालेलं नसतं. यात दुष्टावा कुणाचाच नसतो. डॉक्टरांना घाई असते, मुलाला कामावर जायचं असतं, आणि आजींनाही वाटत असतं की मुलगा शिकलेला आहे, तो नीट सांगेल.

तरीही ही पद्धत चुकीची आहे आणि ती बदलली पाहिजे, असं मला वाटतं. म्हातारं माणूस शुद्धीवर असेल तर पहिला प्रश्न त्याला विचारावा, पहिलं उत्तर त्याचं ऐकावं, आणि निदानही आधी त्याच्या कानावर घालावं. घरच्यांची गरज आहेच, पण त्यांची पाळी त्यानंतरची. हे मी वडीलधाऱ्यांच्या मानापानासाठी म्हणत नाही. उपचार बरोबर व्हायचे असतील तर दुसरा मार्ग नाही, म्हणून म्हणते.

चक्कर येण्याची तक्रारच घ्या. मुलगा सांगतो, ‘आईला चक्कर येते.’ पुष्कळदा तेवढ्यावर गोळी लिहिली जाते. पण ती नेमकी कधी येते हे मुलाला कसं ठाऊक असणार? अंथरुणात कूस बदलताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर बिघाड बहुधा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. तिथे गोळीपेक्षा डोकं ठरावीक पद्धतीने वळवून करायचा उपाय जास्त कामाला येतो. पहाटे लघवीला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवं झोपवून आणि मग उभं करून, असा दोनदा रक्तदाब मोजावा लागतो. बीपीची किंवा प्रोस्टेटची चालू गोळीच त्याच्या मुळाशी असू शकते. आणि नुसतं चालतानाच तोल जात असेल, तर मधुमेहाने बधिर झालेले तळपाय, गुडघे, मोतीबिंदू यांच्याकडे बघायला हवं. दुसऱ्या प्रकारात एक गोळी कमी करायची असते. प्रत्यक्षात चक्करेची एक वाढते, आणि मग एखाद्या पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी खुब्याचं हाड मोडतं. आजींना ‘कधी येते? काय करताना येते?’ एवढं विचारलं असतं तर ते टळू शकलं असतं.

काही गोष्टी तर मुलासमोर निघूच शकत नाहीत. खोकताना, हसताना लघवी होते, म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलंय, हे कुठली आई मुलाच्या देखत सांगेल? आपण दोनदा पडलो हे आजोबा लपवतात, कारण कळलं तर उद्यापासून एकट्याने खंडेराव मार्केटला भाजी आणायला जाऊ देणार नाहीत, अशी त्यांना धास्ती असते. कुणी महागाची गोळी एक दिवसाआड घेत असतं, मुलाचा खर्च नको म्हणून. कुणाचं जेवण तुटतं ते कवळी टोचते म्हणून, आणि कवळी नवी करायचा विषय घरात काढायची चोरी. कुणाला घरात धड वागणूक मिळत नसते. पाच मिनिटं, फार तर दहा, म्हाताऱ्या माणसाशी एकट्याशी बोलणं हा तपासणीचाच भाग मानायला हवा. ‘आम्ही सगळ्यांनाच थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो,’ असं सिस्टरने म्हटलं की कुणाला अपमान वाटत नाही, संशयही येत नाही. हा रिवाज आहे असं दिसलं, की घरचे लोक निमूट बाहेर जाऊन बसतात.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं डॉक्टरसमोर बसली की ‘बरं आहे’ म्हणतात. रात्रभर धाप लागलेली असते, आणि सकाळी साहेबांपुढे ‘तसं काही विशेष नाही’. विसरभोळेपणा वाढलाय, गॅस तसाच राहतो, एकच गोष्ट चारदा विचारली जाते, हे ज्याचं त्याला कळत नाही. ते घरच्यांनीच सांगायला हवं. पण ते माणसाच्या डोक्यावरून, तो खोलीतच नाही अशा थाटात सांगू नये. ‘तुमच्या सूनबाईंना काय दिसतं ते विचारू का?’ असं डॉक्टरांनी आजींना विचारावं, त्या हो म्हणाल्या की सुनेकडे वळावं. एवढ्याने आजी त्या बोलण्याच्या धनी राहतात.

‘त्यांना काय कळणार’ हा समज तर मुळातच खोटा आहे. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला एका मोठ्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांची समज शाबूत आहे आणि त्यांनाही आपण उरलेल्या सातांसारखं वागवतो. त्या सातांतल्याही ज्यांचा आजार सुरुवातीचा आहे, त्यांना काय दुखतंय आणि काय नको आहे हे चांगलं सांगता येतं. ऐकू न येणं आणि न समजणं यांची तर सर्रास गल्लत होते. वयामुळे कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बोलण्याचा सूर ऐकू येतो, पण व्यंजनं गळतात. म्हणून ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावं लागतं. अनुभवी डॉक्टर एक युक्ती करतात: स्टेथोस्कोपच्या कानात घालायच्या नळ्या पेशंटच्या कानात घालतात आणि दुसऱ्या टोकाशी हळू बोलतात. श्रवणयंत्र घरी विसरलेल्या आजोबांशीही असं पंधरा मिनिटं बोलता येतं.

बडोद्यात आणखी एक पदर आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या मराठी घरांतली माणसं गुजराती अस्खलित बोलतात. व्यवहार, शेजार, बाजार सगळा त्याच भाषेत. पण आजारपणातली भीती घरच्या भाषेत असते, आणि ऑपरेशननंतरच्या गुंगीत किंवा स्मृतिभ्रंशात पुष्कळांच्या तोंडी लहानपणची भाषाच उरते. खाटेवरची बाई रात्री मराठीत काही मागते आणि ड्यूटीवरच्या केरळच्या किंवा सौराष्ट्रातल्या सिस्टरला ते उमगत नाही, म्हणून तिला ‘चिडचिड करते’ असं फाइलमध्ये लिहिलं जातं. मुलीने जाताना खाटेच्या डोक्याशी दहा मराठी शब्द गुजराती लिपीत, अर्थासकट, लिहून लावले, पाणी हवंय, लघवी लागली, दुखतंय, थंडी वाजते, तर रात्र निभते. मराठी मंडळांनी असे कागद छापून वॉर्डांत ठेवायला काय हरकत आहे? आणि फाइल तर मराठीतही नसते, गुजरातीतही नसते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेलं मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्या शाळांत शिकलेल्या पिढीतल्या शेवटच्या बायका आज नव्वदीच्या आसपास आहेत. रोजचं वर्तमानपत्र वाचतात, पोथी वाचतात. त्यांच्या स्वतःच्या शरीराबद्दलचा कागद मात्र इंग्रजीत.

डॉक्टरांचं म्हणणं मला ठाऊक आहे: वेळ कुठे आहे? ते खरं आहे. २०१७ साली बीएमजे ओपन या नियतकालिकात ६७ देशांतल्या अभ्यासांचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास. सरकारी रुग्णालयात केस काढायच्या खिडकीपासून लागलेली रांग पाहिली, की कुठल्याही डॉक्टरला दोष द्यावासा वाटत नाही. शिवाय बोलायचं कसं हे आपल्या बहुतेक डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नाही. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रीतसर आला तो २०१९ च्या प्रवेशापासून. त्याआधी शिकलेल्यांनी जे उचललं ते आपल्या सरांच्या राऊंडमध्ये बघून, आणि सर चांगले बोलणारे असतील तर नशीब. पण सगळं बोलणं डॉक्टरनेच केलं पाहिजे असंही नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्करची पदं असतात, सिस्टर असतात, फार्मासिस्ट असतात. औषधं समजावून सांगणं, घरच्यांशी बोलणं, शंका लिहून घेणं ही कामं त्यांच्याकडे नेमून द्यावीत आणि त्यांना त्यासाठी वेळ असेल एवढी माणसं भरावीत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फार चांगली सोय आहे. त्या पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, औषधं आहेत. पेशंटला आणि घरच्यांना बसवून अर्धा तास समजावून सांगण्यासाठीही स्वतंत्र रक्कम धरावी, अशी मागणी आपण का करू नये? ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते गर्दीत पहिलं गळतं.

सगळ्यात अवघड वळण येतं ते गंभीर निदानाच्या वेळी. रिपोर्ट आला की मुलगा डॉक्टरांच्या खोलीत आधी एकटा शिरतो आणि म्हणतो, ‘बाबांना सांगू नका, खचतील.’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, हे मला मान्य आहे. मी स्वतः अशा घरांत बसलेली आहे, आणि तिथे पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. बाबांना कळतंच. ज्या इमारतीत केमो घ्यायला नेतात तिच्या दारावर कॅन्सर लिहिलेलं असतं. सुनेचे डोळे, अचानक भेटायला आलेली बहीण, न विचारता आणलेली आवडीची मिठाई, सगळं सांगत असतं. मग बाबाही न कळल्याचं दाखवतात, घरच्यांना त्रास नको म्हणून. एकाच खोलीत चार माणसं, सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. बाबांना कदाचित बँकेत वारसाचं नाव घालायचं असतं, साताऱ्याच्या भावाशी वीस वर्षांचा अबोला मिटवायचा असतो, आणि डोळे मिटण्याआधी एकदा पंढरपूर. यातलं काहीच होत नाही, कारण घरात सगळे म्हणत असतात, ‘तुम्ही पुढच्या महिन्यात ठणठणीत होणार.’

सगळ्यांना सगळं तोंडावर फेकावं असं मी मुळीच म्हणत नाही. काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांनी वापरायचा आहे, मुलाने त्यांच्या वतीने नव्हे. तपासण्या सुरू होतानाच डॉक्टरांनी विचारावं, ‘काका, रिपोर्ट आले की तुम्हाला सगळं सांगू, का घरातल्या कुणाशी बोलू? कुणाशी?’ उत्तर फाइलवर लिहून ठेवावं. मग मुलगा ‘सांगू नका’ म्हणत आला तर डॉक्टरला म्हणता येतं, ‘त्यांनी मला हे आधीच सांगून ठेवलंय.’ वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीतही आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये असं म्हटलं आहे, आणि ज्यांना कळायला हवं त्यांच्यात पेशंटचा उल्लेख पहिला आहे, नातेवाइकांचा नंतरचा.

सहीचंही तेच. आजी शुद्धीवर असतात, सही करू शकतात, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर दरवर्षी करतात. पण ऑपरेशनच्या संमतीवर मुलाची सही घेतली जाते. कायदा असं सांगत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सज्ञान आणि समजत्या पेशंटची संमती त्याचीच लागते. त्या खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया झाली होती, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसताना. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. संमतीआधी पुरेशी माहिती द्यायला हवी, उपचाराचे पर्याय आणि धोके सांगायला हवेत, हेही त्याच निकालात आहे. नातेवाइकांची सही जास्तीची म्हणून जरूर घ्या. पेशंटच्या जागी ती चालत नाही.

आता आपल्या घरांबद्दल. बडोद्यात असं मराठी घर शोधून काढावं लागेल, ज्यातलं कुणीही टोरांटोला, सिडनीला किंवा न्यू जर्सीला नाही. आजींच्या जवळ मुलगी किंवा धाकटी सून असते. पथ्य, औषधं, रात्रीची उठबस तिच्याकडे. आणि निर्णय फोनवरून होतात. रात्री तिकडच्या सकाळी व्हिडिओ कॉल येतो, इंटरनेटवर वाचलेले प्रश्न येतात, आणि दिवसभर राबलेली बाई उत्तरं देत उभी राहते. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न डॉक्टरांना तीन वेगवेगळी माणसं विचारतात, आणि डॉक्टर प्रत्येकाला थोडं वेगळं सांगतात. भांडणाची सुरुवात इथूनच होते. दूरच्या मुलाची तळमळ मला समजते. लांब असल्याची बोच तो जास्तीत जास्त उपचारांनी भरून काढू बघतो. पण जो जवळ आहे त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून घराने एकच माणूस डॉक्टरांशी बोलायला नेमावा, शक्यतो सेवा करणारा, आणि तो कोण हे आजींनी सांगावं. रोजचं त्याने एका वहीत लिहावं आणि वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकावा. परदेशातल्या मुलाला दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असेल, तर फाइलची प्रत मागावी. त्याच २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. डॉक्टरवर आवाज चढवण्यापेक्षा हे किती तरी उपयोगाचं आहे. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्या नातेवाइकांमुळे आज कितीतरी डॉक्टर मोजूनमापून, वकिलाने लिहून दिल्यासारखं बोलतात, आणि त्याची किंमत सगळेच पेशंट मोजतात.

डिस्चार्जच्या दिवशीचा गोंधळ तर सगळ्यांनी भोगलेला आहे. सकाळी ‘आज सोडतो’ म्हणतात, इन्शुरन्सची मंजुरी यायला संध्याकाळ होते, आणि मग लिफ्टपाशी कुणीतरी कागद हातात देऊन औषधं भराभर सांगतं. घरी आल्यावर डब्यात जुन्या गोळ्या, पिशवीत नव्या. नावं वेगळी, आत औषध एकच. दोन्ही घेतल्या जातात आणि आजींचं बीपी कोसळतं. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि अशी चूक जगभर होत आली आहे. चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असं मोठ्या अक्षरात, वाचता येईल अशा भाषेत लिहायला किती वेळ लागतो? समजलं का असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी सिस्टरने म्हणावं, ‘आजी, मी नीट सांगितलं की नाही ते बघू. घरी गेल्यावर सकाळी कुठल्या गोळ्या घ्याल, दाखवा बरं.’ चूक तिथल्या तिथे सापडते. आणि घरच्यांनी दर भेटीला सगळ्या गोळ्यांची पिशवी न्यावी, चूर्णं, काढे, गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या यांच्यासह. बीपीचं औषध आणि लघवीची गोळी चालू असताना वरून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, तर म्हातारपणी मूत्रपिंडावर घाव बसतो. डॉक्टरांनी काढ्याबद्दल रागावू नये. रागावले की पुढच्या वेळी काढा पिशवीत येत नाही एवढंच.

खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारं माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतं, सलाइन ओढतं, मुलाला ओळखत नाही. घर हादरतं. हे होऊ शकतं, बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं, चष्मा आणि श्रवणयंत्र परत द्या, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या, हे आदल्या दिवशी कुणी सांगितलं तर निम्मी भीती तिथेच संपते.

आणि शेवटच्या आजारपणाबद्दलचं बोलणं हॉस्पिटलात जाण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवं. बरं होण्याची आशा उरली नसेल तर यंत्रावर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला. तेव्हाची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर तो कागद होतो, आणि आपल्या वतीने कुणी निर्णय घ्यावा त्यांची नावंही त्यात लिहिता येतात. मुलगा तिकडे आणि मुलगी इथे, अशा घरात तर ही नावं फार मोलाची. आयसीयूच्या दारात हा विषय काढता येत नाही. मुलगा काढू शकत नाही, सून तर नाहीच नाही. तो आजी-आजोबांनी स्वतः काढायचा आहे, चालतेबोलते असताना, एखाद्या रविवारी सगळे जेवायला जमले असताना. साक्षीदार म्हणून कमाटीबागेत रोज सकाळी बरोबर फिरणारा मित्र चालेल. कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्यावी, आणि दुसरी परदेशातल्या मुलाला, फोनवर नीट समजावून, पाठवून द्यावी.